गरम होते, पण केव्हा?

मे महिन्यात कुठलाही घाट घ्या: खंबाटकी, कसारा, कुंभार्ली. चढाच्या मध्यावर, जिथे रस्ता जरा रुंद होतो तिथे, तीन-चार गाड्या बॉनेट वर करून उभ्या असतात. प्रत्येक बॉनेटसमोर एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून आत बघत असतो. आत नेमकं काय बघायचं हे त्याला माहीत नसतं. पण झाडाखाली चादर अंथरून बसलेली सासुरवाडी आपल्याकडे बघते आहे हे माहीत असतं. म्हणून तो मधूनच एखादी वायर हलवतो, कशावर तरी टिचकी मारतो आणि गंभीरपणे मान डोलावतो. शेजारून जाणाऱ्या ट्रकचा क्लीनर ओरडून सल्ला देतो. सल्ल्याचं पुढे काय झालं हे बघायला अर्थातच थांबत नाही.

या मंडळींविषयी मला जिव्हाळा आहे, कारण आमची गाडी त्यांच्यातली मानाची सभासद. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही; तिने जे काही केलं ते वयामुळे केलं, कुळामुळे नाही. इंजिन गोड, ब्रेक चोख, एसी अजून दात वाजवतो. फक्त ऊन आणि चढ यांची गाठ पडली की बाईसाहेबांचा पारा चढतो. यावर गेल्या काही वर्षांत मी जे ऐकलं, सोसलं आणि बिलं भरून शिकलो, त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. गाडी गरम होण्याच्या दुखण्यात पैसा पार्टांत जात नाही, अंदाजात जातो.

तसं पाहिलं तर गाडीने गरम होऊ नये अशी अपेक्षा करणंच चूक. तिचा धंदाच तो. शंभर रुपयांचं पेट्रोल घातलं तर त्यातल्या साधारण पंचवीस-तीस रुपयांनी चाकं फिरतात. जवळपास तेवढेच रेडिएटरच्या जाळीतून हवेत जातात आणि उरलेले बहुतेक सायलेन्सरमधून. म्हणजे आपण मुळात फिरती शेगडी विकत घेतलेली असते आणि ती थोडीफार पुढेही सरकते, एवढंच. इंजिनाभोवती खेळणारं पाणी नसेल तर शेगडी स्वतःलाच भाजून घेईल.

हे गाडीच्या जन्मापासून चालत आलं आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न विचारता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला माहेर गाठलं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास तो हाच. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी तापायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. बाई वाटेतल्या खानावळींतून, ओढ्यांतून पाणी घेत गेल्या. चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची. वाचताना मला अगदी घरचं वाटलं. पुढे १९००च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी बारीक बारीक चौकोनी नळ्यांचा, जाळीदार रेडिएटर मर्सिडीजला बसवला आणि तेवढ्याच पाण्यात गाडी दूरवर जाऊ लागली. जाळी आली, त्याबरोबर जाळी तुंबणंही आलं.

आपल्याकडे पाण्याचा डबा हा गाडीचा अधिकृत भाग होता. एसटीचे जुने ड्रायव्हर स्टँडवर गाडी लागली की आधी बादली शोधत, मग चहा. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर गोधडी टाकून बसलेल्या प्रवाशांना इंजिनाच्या तब्येतीची बातमी ड्रायव्हरच्याही आधी लागायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांच्या डिकीत एक पाण्याची बाटली ठरलेली असायची. खंडाळ्याचा घाट चढताना तर गाडी थांबवायला शिंग्रोबाचं निमित्त तयार होतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ. लोक नाणं टाकतात, हात जोडतात आणि तेवढ्यात इंजिनही श्वास घेतं. देवाची आणि रेडिएटरची अशी एकत्र सोय दुसऱ्या कुठल्या घाटात इतकी चांगली नसेल.

आमच्या गाडीत हा सोहळा वेगळ्या पद्धतीने चालतो. घाट लागला की गप्पा थांबतात. मुलगी मागच्या सीटवरून मान पुढे काढून काटा वाचते: "बाबा, अर्ध्याच्या वर." बायको न सांगता एसी बंद करते. काचा खाली होतात. "बाबा, अजून वर." मग मी हीटर लावतो, पूर्ण. मे महिन्यातल्या दुपारी, कपाळावरून घामाच्या धारा चाललेल्या असताना, पायांवर गरम वाफारा. हा वेडेपणा नाही. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे दडलेला धाकटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातूनही फिरतं. इंजिनाचा ताप थोडा आपण वाटून घ्यायचा. काटा खरोखरच दोन रेघा खाली येतो. मात्र मागे सासूबाई बसलेल्या असतील तर हा उपाय आधी सांगून करावा.

काटा आहे तोवर नशीब म्हणायचं. हल्लीच्या कित्येक छोट्या गाड्यांत तोही काढून टाकला आहे. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, जास्त तापलं तर लाल, मधलं काही नाही. लाल दिवा लागतो तेव्हा सुनावणी होऊन गेलेली असते, थेट निकालच. शिवाय काटा असला तरी तो फार सभ्य असतो. इंजिन ८० अंशांवर असो की १००च्या आसपास, बऱ्याच गाड्यांत तो मध्यावरच उभा राहील अशी सोय कंपनीने करून ठेवलेली असते. गिऱ्हाईक घाबरायला नको. आणि काटा एकदम वर जाऊन एकदम खाली आला तर आनंदाने टाळी देऊ नये. पाणीच संपलं असेल तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि बिचारा जमेल ते सांगू लागतो. अशा वेळी पुढे नेलेली गाडी टो करूनच परत येते.

आता सल्ल्यांकडे वळू. गाडी गरम होते असं सोसायटीत एकदा म्हणून बघा. ज्यांनी आयुष्यात स्टेपनी बदललेली नाही तेही थर्मोस्टॅटवर बोलू लागतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे आप्पा एकेकाळी पद्मिनी बाळगून होते. त्यांचा उपाय म्हणजे हळद. रेडिएटर गळत असेल तर दोन चमचे हळद घालायची. ती भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. हे खोटं नाही. ट्रकवाले, जीपवाले पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले आहेत आणि रात्री-बेरात्री आंबा घाटात अडकलेल्या माणसाला हळदीइतका शहाणा मित्र नाही. पण हळदीला भेग कुठली आणि नळी कुठली हे कळत नाही. ती हीटरच्या बारीक नळ्यांतही तितक्याच मायेने जाऊन बसते. गाव गाठेपर्यंत हळद ठीक. गाव आल्यावरही तीच चालू ठेवली तर एका भेगेच्या बदल्यात सगळी जाळी तुंबते.

आप्पांचं मूळ म्हणणं वेगळंच आहे: "आमच्या वेळचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. फुटला की काढायचा, झाळायचा, बसवायचा. तुमचं हे प्लॅस्टिक!" यात मात्र त्यांना उत्तर नाही. जुने रेडिएटर डाग देऊन झाळता यायचे, वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून साफ करता यायचे. आताची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा दाबून बसवलेल्या. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ते प्लॅस्टिक कडक होतं आणि एक दिवस तडकतं. एम-सील लावणारे लावतात. ते किती दिवस टिकेल असं विचारलं तर आकाशाकडे बघतात.

गॅरेजांची एक वेगळी जात असते, 'बदलून बघू' जातीची. आमची गाडी अशा एका गॅरेजात काही काळ जात होती. तिथे आधी थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार. इंजिन साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापेपर्यंत ते बंद राहतं, मग उघडतं. आपल्या उष्ण देशात या दाराची गरज काय, असं ते काढून टाकणाऱ्यांचं तत्त्वज्ञान असतं. ऐकायला पटतं. पण दार नसलं की सकाळी इंजिन लवकर तापत नाही, तोवर पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर पाणी अशा वाटेने धावतं की ऐन कामाच्या वेळी पुरेसं गारच होत नाही. एवढं करून गाडी घाटात गरम झालीच. मग पंखा 'डायरेक्ट' करण्यात आला, म्हणजे चावी फिरवली की गर्रर्र चालू. तरीही गरम झालीच. मग वॉटर पंपाचं कोटेशन आलं. त्यापुढची पायरी इंजिनाचं हेड उतरवायची होती, आणि हेड उतरवायचं म्हणजे छोट्या गाडीलाही पंधरा-वीस हजारांना सहज फोडणी. मी गाडी घेऊन घरी आलो.

यानंतर भेटले ते मिस्त्री. साताऱ्याच्या बाजूचे, हायवेला लागून पत्र्याची शेड, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मी गाडीचा सगळा इतिहास पहिल्या पानापासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"साहेब, गरम होतीय ते कळलं. पण कधी?"

"म्हणजे उन्हाळ्यात..."

"तसं न्हाय. उभी असताना का पळताना? शिग्नलला का चढावर? आणि पानी कमी होतंय का हाय तेवढंच राहतंय?"

हे प्रश्न मला तोवर कुणी विचारलेच नव्हते. आणि खरं तर रोगाची निम्मी चिकित्सा यांतच होते, फुकट. गाडी सिग्नलला, गर्दीत उभी असताना तापत असेल आणि हायवेला लागली की गार होत असेल, तर संशय पंख्यावर: मोटर, फ्यूज, रिले, त्याला चालू करणारा सेन्सर. कारण पळताना वारा फुकट मिळतो, उभं असताना तो पंख्याने द्यावा लागतो. उलट गर्दीत शांत आणि वेगात किंवा चढावर तापत असेल, तर हवा आहे पण पाणी पुरेसं फिरत नाही किंवा जाळीतून उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून कचऱ्याने भरलेला. घरून निघाल्यावर दहा मिनिटांतच तापली तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल. पाणी कमी होत असेल तर ते जातं कुठे हे शोधायचं, आणि कमी होत नसेल तर गळती शोधण्यात वेळ घालवायचा नाही.

"चढावर. आणि पाणी कमी होतं," मी म्हणालो. "पण बाटलीत तर दिसतं. उलट बाटली वरपर्यंत भरलेली असते."

मिस्त्री हसले. पोऱ्याला हाक मारून म्हणाले, "झाकण आण रे नवीन."

मग गाडी गार होईपर्यंत आम्ही चहा घेतला, कारण गरम झाकणाला हात लावायचा नाही हा त्या शेडचा कायदा. चहानंतर त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं आणि खालचं रबर नखाने दाबून दाखवलं. रबर उकललं होतं, कडेचा एक तुकडा गायबच. मधली छोटी पितळी चकती ओढली तर ती सहज उघडायला हवी आणि सोडली की परत चिकटून बसायला हवी. ती जागची हललीच नाही. या झाकणाला मी बाटलीच्या बुचाइतकाच मान देत आलो होतो. प्रत्यक्षात ते कुकरचं झाकण असतं. ते आत साधारण एक किलोचा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की दाब गेला, आणि पाणी नेहमीच्या वेळीच उकळायला मोकळं. मधल्या चकतीचं काम वेगळं. पाणी तापून फुगलं की जास्तीचं बाजूच्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झाल्यावर ही चकती उघडून ते परत आत ओढून घेतलं जातं. चकती अडकली की जाणं चालू, येणं बंद. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा! बाटलीकडे बघून निश्चिंत राहणाऱ्या माझ्यासारख्यांची फसवणूक त्या एका चकतीने केली होती.

झाकणाची किंमत तीनशेच्या आत.

एवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. पुढचं बंपर सैल करून एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागचा रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत त्यांनी बॅटरी मारली. आत उसाच्या पाचटाचा भुगा, गवताची कुसळं, धूळ आणि किड्यांचे अवशेष यांची एक घट्ट गादी तयार झाली होती. बाहेरून ती कधीच दिसली नसती, कारण समोरची जाळी दर रविवारी मीच पुसत होतो. पोऱ्याने पाइप घेतला आणि इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, बेताच्या जोराने पाणी मारलं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत ठोकला जातो आणि जोरात मारलं तर जाळीची पातळ पानं मुडपतात. खाली चिखलाचा पाट वाहिला. मग थर्मोस्टॅट नवा आणून परत बसवला. "ह्यो कुनी काढला?" असं विचारून उत्तराची वाट न बघता मिस्त्रींनी स्वतःशीच काहीतरी म्हटलं. ते इथे लिहिण्याजोगं नाही.

शेवटी हातपंपाने रेडिएटरमध्ये हवा भरून घड्याळासारखा काटा लावला आणि तो पडतो का ते पाहिलं. दाब टिकला, म्हणजे गळती नाही. इंजिन चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का, ऑइलची पट्टी दुधाळ दिसते का, हेही पाहिलं. नाही, म्हणजे हेडखालचं गॅस्केट शाबूत. ज्या हेडचं कोटेशन मला मिळायचं बाकी होतं ते ठणठणीत होतं. सगळं मिळून बिल दोन हजारांच्या आत आलं, वर चहा त्यांचाच.

तेव्हापासून मला स्वस्त आणि महाग यांचा हिशोब उलटा वाटू लागला आहे. कूलंट महाग म्हणून नळाचं पाणी घालणं ही काटकसर वाटते, पण सोलापूर-मराठवाड्याकडचं बोअरचं पाणी कुणाच्या घरातल्या गिझरची काय अवस्था करतं हे आठवून बघावं; रेडिएटरच्या नळ्या तर गिझरहून कितीतरी बारीक. कूलंट केवळ बर्फाच्या प्रदेशासाठी नसतं, गंज धरू नये आणि पाणी उशिरा उकळावं यासाठीही असतं. हिरवं, लाल, निळं यातला रंग बघून घेऊ नये, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं बघून घ्यावं. वेगवेगळ्या जातींची मिसळ केली तर आत गाळ होऊ शकतो. आणि काढलेलं जुनं कूलंट अंगणात उघडं ठेवू नये. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. मांजर-कुत्र्याने थोडं चाटलं तरी जीव जाऊ शकतो.

सगळ्यात महाग काटकसर म्हणजे 'आता दोन किलोमीटरच राहिलेत' ही. काटा लाल रेघेला टेकल्यावर चालवलेले ते दोन किलोमीटर हेड वाकडं करतात, कारण बहुतेक इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ते अति तापलं की सरळ राहत नाही. ढाबा दोन किलोमीटरवर असला तरी थांबावं. भूक पुढे ढकलता येते.

'बदलून बघू'वाल्यांचं आणखी एक आवडतं वाक्य आहे: "एवढं खोललंच आहे तर..." हे ऐकलं की माझा हात खिशाकडे जातो. पण न्यायाने सांगायचं तर कधीकधी ते बरोबर असतं. ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे बेल्टसाठी खोललं की पंपही बदलून घ्यावा. पार्टाचे पैसे वाढतात, मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही. ओळखायचं कसं? त्यांना एकच विचारायचं: हा पार्ट खराब आहे म्हणून बदलताय, की इथवर हात पोचलाय म्हणून? दोन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. कुठलंच न देणाऱ्याकडून चावी परत घ्यावी. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. घरी आणून त्याचं काही करायचं नसतं, पण मागितला की तो निदान खरोखर काढला जातो.

आमचा टायमिंग बेल्ट आता येत्या दिवाळीच्या आसपास बदलायला येतो. मिस्त्रींनी आत्ताच सांगून ठेवलं आहे: पंप आणि बेल्ट एकदम, मजुरी एकदाच. मी पैसे बाजूला काढायला लागलो आहे. तुमची गाडी तापत असेल तर गॅरेजात नेण्याआधी आठवडाभर नुसतं लिहून ठेवा: केव्हा तापली, कुठे, एसी चालू होता का, सकाळी गार इंजिनावर रेडिएटरमध्ये पाणी किती होतं. तो कागद मिस्त्रींच्या हातात द्या. आणि त्यांनी कागद न वाचताच पाना उचलला, तर दुसरे मिस्त्री शोधा.